सरांचा उजवा पाय

आत्मविश्वास यायला चार आठवडे लागतात. पाचव्या आठवड्यात तो प्रमाणाबाहेर होतो आणि सहाव्यात माणूस विजेच्या खांबावर जाऊन आदळतो, म्हणून कोर्स चारच आठवड्यांचा ठेवायचा, असं सरांचं ठाम मत होतं.

सर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे सर. एकवीस वर्षं ते लोकांना गाडी शिकवत होते आणि ऑफिसच्या काचेवर त्यांनी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'भीती घालवून मिळेल'. स्टेअरिंग हातात येताच रडू फुटणारा बँकेचा मॅनेजर, रिव्हर्स म्हटलं की पोटात कळ येणारा औषधवाला, हॉर्न वाजवायला लाजणारी गायनाची शिक्षिका, सगळ्यांना सरांनी मार्गी लावलं होतं. "तीनशे घाबरट माणसं मी रस्त्यावर आणली!" ते छाती फुगवून सांगायचे.

"शब्द जरा जपून वापरा," मिरीची आई म्हणायची.

मिरी म्हणजे सरांची मुलगी. वय सात, आकार मिऱ्याएवढा, म्हणून मिरी. तिची आई चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि गाडी झकास चालवायची. फक्त ती शिकली होती सरांच्या ऑफिसच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडच्या बाईंच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. त्याआधी दोन महिने, म्हणजे लागोपाठ दोन कोर्स, ती सरांकडे शिकत होती, आणि दोन महिन्यांनी तिला गाडीत नुसतं बसायचीसुद्धा भीती वाटायला लागली होती. बाईंकडे ती तीन आठवड्यांत शिकून मोकळी झाली. या विषयावर घरात बोलायचं नाही असं ठरलं होतं. ठरवणारे एकटे सर होते, त्यामुळे विषय आठवड्यातून दोनदा निघायचा.

आता सरांच्या पायाबद्दल सांगायला हवं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक वेगळा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शेजारी बसलेल्याने तो दाबायचा. एकवीस वर्षं दाबून दाबून सरांचा उजवा पाय आता सरांनाही विचारत नसे. समोर जरा काही धोक्याचं दिसलं की तो आपला खाली जायचा. धप्प! लिफ्टमध्ये धप्प, न्हाव्याच्या खुर्चीत धप्प. घरी सोफ्यासमोरच्या चटईला उजव्या बाजूला भोक पडलं होतं. मिरी दुधाचा ग्लास काठोकाठ भरून स्वयंपाकघरातून निघाली की सोफ्यावरून धप्प! मिरी दचकायची आणि दूध सांडायचं.

"बघ, सांडलंस की नाही! मला वाटलंच होतं," सर म्हणायचे.

तर ही मिरी रविवारी फुटबॉल खेळायची. खेळायची म्हणजे मैदानात असायची. आठ वर्षांखालच्या मुलांची टीम, सात जण आत आणि दोन बाकावर. मिरी आत असायची, कारण बाकावरच्या दोघांना बाकच आवडायचा. बॉल तिच्या दिशेने आला की ती अदबीने बाजूला व्हायची, जिन्यात म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. एका रविवारी ही टीम अकरा-शून्यने हरली. समोरची टीम कुणाची? तर बाईंची! त्याच बाईंची! आठवडाभर समोर बसून सरांची गिऱ्हाइकं पळवायची आणि रविवारी फुटबॉल शिकवायचा, असा त्यांचा कार्यक्रम होता. अकरावा गोल करायला निघालेल्या पोराने तर वाटेत मिरीला "थँक्यू" म्हटलं.

मॅच संपल्यावर टीमच्या कोचने गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली. ते दाताचे डॉक्टर होते. "मला आपल्या दाढाच बऱ्या," एवढं म्हणून ते जे गेले ते पुन्हा मैदानात दिसले नाहीत.

घरी जाताना मिरी गाडीच्या मागच्या सीटवरून म्हणाली, "बाबा, शेवटच्या मॅचला क्लबच्या दारावर कागद लावतात ना? पुढच्या वर्षी कोण खेळणार त्याचा?"

"हो. ज्याचं नाव त्याने आपल्या हाताने लिहायचं."

"मी नाही लिहिणार."

"का गं?"

"मी सगळ्यांच्या मध्ये येते."

गाडी चालवताना बोलू नये हा स्वतःचाच नियम सरांना आता आठवला. पण फुटबॉल पोरीला मनापासून आवडतो, हे त्यांना ठाऊक होतं. शाळेत जाताना ती वाटेतला एखादा खडा निवडायची आणि पायाने ढकलत ढकलत थेट फाटकापर्यंत न्यायची. कुणी बघतंय असं वाटलं की मात्र खडा सोडून सरळ चालायला लागायची.

घरात पाऊल टाकताच सरांनी जाहीर केलं, "टीमचा कोच मी!"

"तुम्हाला फुटबॉल येतो?" मिरीच्या आईने विचारलं.

"फुटबॉलचा संबंधच काय! हे भीतीचं प्रकरण आहे, आणि भीती हा आपला धंदा आहे. चार आठवडे दे मला. शेवटच्या मॅचला मिरी स्वतःच्या हाताने नाव लिहील. नाही लिहिलं, तर काचेवरची ती ओळ पुसून टाकतो!"

"नको. पुसायला मलाच लावाल."

पुढच्या रविवारी मॅच नव्हती, त्या पहिल्या दिवशी सरांनी टीमची पाहणी केली. एक जाडजूड पोरगा होता, त्याला सगळे रणगाडा म्हणत. तो सुटला की थांबत नसे आणि थांबला की सुटत नसे. गोलकीपरचं नाव होतं कुलूप, कारण त्याने टीममध्ये आल्यापासून तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. बाकी पोरं शिट्टी वाजताच बॉलवर अशी तुटून पडायची की बॉल आत कुठेतरी गुदमरायचा. फक्त मिरी लांब उभी राहून गर्दी ओसरायची वाट बघायची.

सरांनी दोन मिनिटं हे पाहिलं आणि त्यांना सगळं लख्ख दिसलं. "अरे, ही साधी ट्रॅफिकची भानगड आहे!"

मग शिकवणी सुरू झाली. वळायचंय? आधी मान वळवून मागे बघा. आरसा! मग हात बाहेर काढा. सिग्नल! मगच वळा. दोघांमध्ये एका गाडीचं अंतर ठेवा. उजवीकडून कुणी आलं, तर त्याला आधी जाऊ द्या. पांढरी रेघ आली की थांबा, दोन्हीकडे बघा, रस्ता मोकळा असेल तरच पुढे. पोरांना हे फारच आवडलं! आजवर त्यांना सगळे "पळ! मार! अरे मार ना!" एवढंच ओरडायचे. कधी काय करायचं हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं. रणगाडा तर तोंडाने इंजिनाचा आवाज काढून चौथ्या गिअरपर्यंत जाऊ लागला.

मैदानाच्या कडेला सरांच्या उभं राहायच्या जागी चिखल होता. तिथे त्यांनी गॅरेजमधली एक फळी आणून टाकली, तिच्यावर ते उभे राहिले आणि त्यांनी पोरांना जवळ बोलावलं.

"आता सगळ्यात महत्त्वाचं. घाबरायचं नाही! मी इथे उभा आहे. माझा पाय ब्रेकवर आहे. काही गडबड होतेय असं दिसलं की मी ब्रेक मारणार. धप्प! आवाज आला की असाल तिथे थांबायचं. कळलं? म्हणजे तुम्हाला काही होणारच नाही."

"काहीच?" मिरीने विचारलं.

"काहीच."

मिरीच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं आणि सरांना धन्य वाटलं. तीनशे माणसांना त्यांनी हेच सांगितलं होतं.

त्यापुढच्या रविवारच्या मॅचला रेफ्री म्हणून औषधवाला होता, तोच रिव्हर्सवाला. मॅच सुरू होऊन मिनिटभर झालं असेल, मिरीच्या टीममधल्या एका पोराने वळण्यासाठी हात वर केला. रेफ्रीने शिट्टी फुंकून खेळ थांबवला, त्याच्याजवळ जाऊन वाकला आणि हळूच म्हणाला, "शू लागलीय का बाळा?"

"नाही, डावीकडे जायचंय."

रेफ्रीने सरांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली. औषधवाला शेवटी त्यांचाच विद्यार्थी होता, चौथ्या परीक्षेत का होईना पास झालेला. त्याने शिट्टी खिशात ठेवली आणि आदराने म्हणाला, "जा बेटा, जा."

ती मॅच सहा-शून्यने गेली. पण अकरावरून सहा! कारण समोरची पोरं पार गोंधळून गेली होती. बॉल घेऊन निघालेला मुलगा पांढऱ्या रेघेशी थांबून दोन्हीकडे बघायला लागला की ती पण थांबायची आणि दोन्हीकडे बघायची. एकदा तर चौघं जण बॉलभोवती उभे राहून एकमेकांना "आधी तू, आधी तू" करत राहिले. शेवटी वाऱ्याने बॉल बाहेर गेला.

सरांना स्फुरण चढलं. पुढच्या मॅचसाठी त्यांनी नऊ पुठ्ठे कापले, त्यांच्यावर लाल रंगाने भला मोठा 'एल' काढला आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकेक दोऱ्याने बांधला.

"हे कशाला?" मिरीच्या आईने विचारलं.

"शिकाऊ माणूस आहे, जरा सांभाळून घ्या, हे मागच्याला कळायला नको? अख्खं जग एल बोर्डला वाट देतं!"

आणि खरंच दिली हो! कडेला उभे असलेले समोरच्या टीमचे आईबाप आपल्याच पोरांवर ओरडायला लागले, "अरे हळू! शिकाऊ आहेत ती!" रेफ्रीने नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं, पण पाठीवर एल लावू नये असं त्यात कुठेच नव्हतं. मॅच तीन-शून्य.

सरांनी घरी कागदावर आलेख काढला. "अकरा! सहा! तीन! रेघ बघ कशी खाली येतेय. पुढच्या वेळी शून्य!"

"आणि आपले गोल?"

"त्याचा आलेख वेगळा काढावा लागेल."

"काढा की."

"त्यात अजून काढण्यासारखं काही नाही."

मिरीची आई हसली नाही. तिने विचारलं, "मिरीचा पाय एकदा तरी बॉलला लागला?"

"लागेल! ती आता हात किती सुरेख दाखवते, बघितलंस? सगळ्या टीममध्ये तिच्यासारखा सिग्नल कुणाचा नाही."

हे मात्र खरं होतं. मिरी आता बाजूला होताना आधी मागे बघायची, मग हात दाखवायची आणि मगच बाजूला व्हायची.

"अहो, पण मॅचमध्ये ती बॉलकडे बघतच नाही. तुमच्या पायाकडे बघते."

"सुरुवातीला सगळेच बघतात," सर म्हणाले आणि आलेखाला निळा रंग द्यायला लागले.

चौथा रविवार उजाडला. शेवटची मॅच. समोर बाईंची टीम. क्लबच्या दारावर कागद लागला होता, वर 'पुढच्या वर्षीचे खेळाडू' आणि खाली कोऱ्या ओळी. शेजारी दोऱ्याला पेन्सिल लटकत होती. आत शिरतानाच सगळ्यांनी नावं लिहून टाकली. रणगाड्याने लिहिलं, बाकावरच्या दोघांनी लिहिलं, कुलपानेसुद्धा लिहिलं. मिरीने कागदाकडे पाहिलं, पेन्सिलीकडे पाहिलं, मग मान वळवून मागे बघितलं, डावीकडे हात दाखवला आणि डावीकडून निघून गेली.

"मॅचनंतर लिहील," सर म्हणाले. आणि पेन्सिलीला टोक आहे ना, ते त्यांनी बघून घेतलं.

पलीकडच्या कडेला बाई आल्या. ठेंगण्याठुसक्या, डोक्यावर टोपी, हातात शेंगदाण्यांची पुडी. त्यांनी गवतावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर ऐसपैस मांडी घातली आणि त्या शेंगदाणे खायला लागल्या. पोरांना एक शब्द सांगितला नाही.

"बघ! याला म्हणायचं कोच!" सर पुटपुटले. "पोरांना वाऱ्यावर सोडलंय."

"गाडीतसुद्धा त्या अशाच बसतात," मिरीची आई म्हणाली.

"कशा?"

"मांडी घालून. पहिल्या दिवसापासून. पाय ब्रेकपर्यंत पोचतच नाही त्यांचा. मी विचारलं होतं, बाई, मी चुकले तर? तर म्हणाल्या, मग तू ब्रेक मार, तुझ्याकडेही आहे की."

ही गोष्ट सर पहिल्यांदाच ऐकत होते. "हा शुद्ध बेजबाबदारपणा आहे!" ते म्हणाले आणि फळीवर जाऊन उभे राहिले.

मॅच सुरू झाली. अर्धा वेळ झाला तरी शून्य-शून्य! बाईंची पोरं एल बोर्ड बघून बुजत नव्हती, पण रणगाडा आडवा आला की त्यांना वळसा घालून जावं लागायचं, आणि वळसा घालून येईपर्यंत कुलूप बॉल पोटाशी धरून जमिनीवर झोपलेलं असायचं. सरांचा आनंद गगनात मावेना. शून्य! आलेख बरोबर होता!

आणि मग ते घडलं. रणगाडा चौथ्या गिअरमध्ये बॉल घेऊन आला आणि त्याने डावीकडचा सिग्नल दिला. पण त्याला वळताच आलं नाही. तो सरळच गेला आणि बॉल मागे राहिला. बाईंची चार पोरं त्याला चुकवायला चारी दिशांना उडाली. बॉल गडगडत मिरीच्या पायाशी आला. मिरीने बाजूला व्हायला मागे पाहिलं, तर मागे कुणीच नाही. हात दाखवायचा, तर दाखवायला कुणी नाही. पुढे बघितलं, तर समोर फक्त गोल, आणि गोलात एक छोटासा मुलगा नाक कोरत उभा!

मिरीने बॉलला पाय लावला. बॉल पुढे गेला. तिने पुन्हा लावला. शाळेच्या वाटेवरचा खडाच होता तो! मिरी पळत सुटली. सरांनी आपल्या पोरीला इतक्या जोरात पळताना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. तिच्या वेण्या मागे उडत होत्या, बुटाची एक नाडी सुटली होती आणि त्या सुटलेल्या नाडीवर सरांची नजर गेली.

धप्प!

सगळं मैदान थांबलं. रणगाडा थांबला, कुलूप थांबलं, बाकावरची दोघं नुसतीच बसली होती तीही ताठ झाली. शिट्टी तोंडात धरून धावणारा औषधवाला जागच्या जागी खिळला आणि सवयीने त्याने डावा पाय क्लचवर असल्यासारखा दाबला. मिरी थांबली. बॉलही तिच्या पायाशी थांबला.

बाईंच्या पोरांना मात्र कुणी थांबायला शिकवलेलं नव्हतं. एकाने येऊन मिरीच्या पायापासचा बॉल घेतला, उभ्या असलेल्या सगळ्यांच्या मधून तो आरामात नेला आणि गोल केला. एक-शून्य. जाताना तो "थँक्यू" म्हणाला.

मिरी मैदानातून सरळ फळीपाशी आली. रडत नव्हती. रडली असती तर सरांना सोपं गेलं असतं.

"बाबा, ब्रेक का मारलास? काय चुकलं माझं?"

"तुझी नाडी... तू केवढ्या जोरात जात होतीस!"

"मग?"

"मला वाटलं तू पडशील."

मिरीने जरा विचार केला. "तुला नेहमी तसंच वाटतं?"

सरांना खोटं बोलता आलं नाही. "हो."

"म्हणून मला पण वाटतं," मिरी म्हणाली. तिने खाली बसून नाडी बांधली आणि ती परत आत गेली.

सर फळीवर उभे होते. एकवीस वर्षांत तीनशे माणसांनी त्यांना पेढ्यांपासून घड्याळापर्यंत काय काय दिलं होतं, पण इतकं सरळ कुणी काही ऐकवलं नव्हतं. त्यांना दुधाचे ग्लास आठवले. एकेक आठवला. आपणच सांडत होतो सगळे, असं त्यांना वाटलं आणि त्यांना स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"आता काय करू?" त्यांनी बायकोला विचारलं. असा प्रश्न त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच विचारला होता.

"मांडी घाला."

"इथे?"

"इथेच. फळीवर."

सर बसले. गेल्या पंधरा वर्षांत त्यांनी मांडी घातली नव्हती. गुडघे कटाकट वाजले. उजवा पाय डाव्याखाली दडपला, तरी तो आतून उसळ्या मारत होता. मग मिरीच्या आईने पाण्याच्या बाटल्यांची भरलेली पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि वर स्वतःची पर्स ठेवली. पलीकडून बाईंनी हे पाहिलं. त्यांनी काही न बोलता शेंगदाण्यांची पुडी उंचावून दाखवली.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती. कुलपाने बॉल उचलून फेकला, तो रणगाड्याच्या पाठीवरच्या पुठ्ठ्यावर आपटला आणि उडून पुन्हा मिरीपुढे पडला. मिरीने आधी फळीकडे पाहिलं. पाय दिसला नाही. बाबा बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीवर पर्स, चेहरा लालबुंद.

मिरी निघाली!

"हळू" हा शब्द सरांच्या ओठांपर्यंत आला, तो त्यांनी गिळला. समोरून एक पोरगा आला. सरांची मांडी थरथरली, बाटल्या खळखळल्या. मिरी पडता पडता सावरली. सरांनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. पांढरी रेघ आली. मिरी थांबलीच नाही! नियम मोडला! आता पुढे फक्त गोलकीपर. त्याने नाकातून बोट काढलं. मिरीने हात बाहेर काढून उजवीकडचा सुरेख, सणसणीत सिग्नल दिला. गोलकीपरने प्रामाणिकपणे त्याच बाजूला धाव घेतली. आणि मिरीने बॉल डावीकडे मारला!

बॉल हळूहळू निघाला. वाटेत त्याला कुणीच नव्हतं. गडगडत गडगडत तो गोलापर्यंत गेला, खांबाला लागला आणि बाहेर गेला.

औषधवाल्याने शिट्टी वाजवली. मॅच संपली. बाईंची टीम एक-शून्यने जिंकली.

सर उठायला गेले. पण दोन्ही पायांना अशा मुंग्या आल्या होत्या की ते उभे राहिले आणि तसेच समोरच्या चिखलात आडवे झाले. तोंड वर करून बघतात तो मिरी धावत येत होती.

"बाबा! बघितलंस? खांबाला लागला! माझा बॉल खांबाला लागला!"

हरलेल्या टीमचा असा चेहरा सरांनी कधी पाहिला नव्हता. काहीतरी बोलायला हवं होतं. शाबास म्हणायचं होतं, तिला मिठीत घ्यायचं होतं, क्षमा मागायची होती. पण चिखलात पालथ्या पडलेल्या माणसाला जे सुचतं तेच सुचलं.

"सिग्नल उजवीकडचा दिलास आणि वळलीस डावीकडे!"

"हो," मिरी म्हणाली. "मुद्दाम."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. चिखल गेला असेल, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

क्लबच्या दाराशी मिरीने पेन्सिल उचलली आणि नाव लिहिलं. इतकं मोठं लिहिलं की तीन ओळी गेल्या आणि बाकावरच्या एकाचं नाव अर्धं झाकलं गेलं. कुणाच्या मध्ये येतो आहोत का, हे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग तिने पाठीवरचा एलचा पुठ्ठा सोडला, बाबांच्या मागे गेली आणि बराच वेळ त्यांच्या जॅकेटला काहीतरी करत राहिली.

"काय करतेस गं?"

"चिखल पुसतेय."

मैदानातून गाडीपर्यंत जाताना लोक आपणहून बाजूला होत होते. औषधवाल्याने तर त्यांना हात धरून रस्ता ओलांडून दिला. कोच म्हणून आपला वचक बसलाय, असं सरांना वाटलं, आणि आजच्या दिवशी एवढं तरी वाटू दे म्हणून मिरीच्या आईनेही त्यांना काही सांगितलं नाही. गाडी तिने चालवली. सर शेजारी मांडी घालून बसले.

सोमवारी सकाळी सर तेच जॅकेट झटकून, समोरूनच पुसून, ऑफिसला गेले. पहिल्या तासाला एक नवे काका आले होते. सरांनी त्यांना स्टेअरिंगपुढे बसवलं, स्वतः गाडीला वळसा घालून आले, त्यांच्याकडे पाठ करून दार नीट लागतंय का ते पाहिलं आणि मग शेजारी मांडी ठोकली.

"घाबरायचं नाही," सर म्हणाले. "मी पण शिकतोच आहे."

हे त्यांनी फार मनापासून म्हटलं होतं. काका मात्र "आलोच हं" म्हणून उतरले, आणि सरांनी काचेतून बघितलं तेव्हा ते रस्ता ओलांडून बाईंच्या ऑफिसात शिरत होते.